मालोजीरावांचा पेढा

पोट दुखायचं सदूचं, पण तळपायाची आग मस्तकात जायची त्याच्या बायकोच्या, बनुबाईच्या. कारण या माणसाला कुणाला नाही म्हणता येत नसे. बारशाला गेला, सत्यनारायणाला गेला, कोणी 'आणखी एक घ्या' म्हटलं की हा घेणार, आणि घरी येऊन पोटाखाली उशी दाबून ओटीवर पालथा पडणार. ओवा झाला, सोडा झाला, देवाला कौल लावून झाला. हल्ली तर परसाकडला काळं व्हायला लागलं होतं. पोलादपूरच्या डॉक्टरांनी 'आत दुर्बीण घालून बघावं लागेल' म्हणून खर्च सांगितला, तेव्हा दोघंही मुकाट्याने एसटीत येऊन बसली.

अशात मालोजीरावांची रिक्षा कर्णा लावून गावोगाव फिरली. मालोजीराव बिरवाडीचे, यंदा निवडणुकीला उभे राहणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मुंबईची डॉक्टरीण तेच दुर्बिणीचं मशीन घेऊन बिरवाडीला येणार, तपासणी फुकट. फक्त आदल्या रात्रीपासून पोट रिकामं हवं, पाण्याचा थेंबही नको. हे त्यांच्याच कर्ण्याने घसा फोडून सांगितलं होतं.

बनुबाईने नवऱ्याला डोळ्यांत तेल घालून राखला. शिबिराला जाताना पोलादपूरच्या स्टँडवर गावचा काशीराम त्याला चहाला ओढू लागला आणि हा उठलासुद्धा! तिने सदरा धरून खाली बसवला.

"ह्यांना आज कायबी द्याचा नाय," ती ओरडली. कंडक्टरनेही वळून बघितलं. सदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बिरवाडीच्या मंगल कार्यालयात डॉक्टर वल्लरी केव्हाच मशीन मांडून बसल्या होत्या. पण उद्घाटन राहिलं होतं. नारळ फोडायला मालोजीराव हवेत, आणि मालोजीरावांचा पत्ता नव्हता. ऊन चढलं. पोट धरून आलेली माणसं खुर्च्यांवर वाकडीतिकडी होऊन त्या एका माणसाची वाट बघत बसली. दुखणारं पोट पुढाऱ्यासाठी थांबतं, असं यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. नंबर जायला नको म्हणून बनुबाई तपासणीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तेवढाच काय तो तिचा डोळा चुकला.

मालोजीराव आले, बोलले, पुष्कळ बोलले. टाळ्या झाल्या. मग डॉक्टरांनी पहिल्या माणसाला आत घेतलं आणि तशाच बाहेर आल्या.

"या सगळ्यांना खायला कोणी दिलं?"

"खायला कुठं मॅडम?" मालोजीराव हसले. "एकेक पेढा. शुभकार्य आहे, तोंड गोड नको करायला?"

"दुर्बीण घालताना पोटात काही असलं तर उलटी होऊन ते श्वासनलिकेत जाईल. जीव जाईल माणसाचा. आता सहा तास थांबावं लागेल, आणि मशीन दुपारी खेडला न्यायचं आहे. मी कोणालाच तपासू शकत नाही."

बनुबाई पुढे झाली. "आमच्या ह्यांनी नाय खाल्लान. ह्यांना घ्या."

डॉक्टरांनी सदूकडे पाहिलं. सदूने जमिनीकडे पाहिलं. त्याच्या मिशीला पिवळा कण लागला होता.

"त्यांनी सोताच्या हातानं भरवला गो," तो पुटपुटला. "फोटू काढत व्हते. नाय कसा म्हनू?"

बनुबाईला वाटलं, याचं थोबाड रंगवावं. मग तिला मालोजीराव दिसले, रुमालाने बोटं पुसताना.

"अहो, एका पेढ्याने काय होतंय?" ते म्हणत होते. "पुढच्या वर्षी परत शिबिर घेऊ."

पुढच्या वर्षी! तिच्या अंगाची लाही लाही झाली. ती डॉक्टरांकडे वळली.

"खेडला पोचल्यावर बघाल ह्यांना?"

"संध्याकाळपर्यंत आहे मी तिथे. तोवर काही खाल्लं नाही, तर शेवटी घेईन. कोणीही या."

बनुबाईने सदूचं मनगट धरलं, ओढत दाराबाहेर नेलं आणि झेंडा लावलेल्या मालोजीरावांच्या जीपमध्ये त्याला कोंबलं.

"बरा नाय दिसत गो," सदू उतरू लागला.

"जल्मभर बरा दिसन्यापायी पोटाचा वाटोला केलात. बसा!"

मालोजीराव धावत आले. "ओ बाई, गाडी माझी आहे."

"पेढापन तुजाच व्हता," ती म्हणाली. आजवर तिने कुठल्या पुढाऱ्याला अरेतुरे केलं नव्हतं. "रातपासून उपाशी ठेवलेला मानूस तू येका फोटूपायी बाटवलास. आता तूच खेडला पोचव. नायतर मी हितून हलत नाय, आनि तू मतं मागाया येशील तवा दारात उभी राहून ह्येच सांगेन."

मागून एक म्हातारी जीपमध्ये चढली. मग पोट दाबत एक कामगार. मग आणखी कोणी कोणी. खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. मालोजीरावांनी एवढी मतं एका जीपमध्ये कधी पाहिली नव्हती. त्यांनी घाम पुसला आणि ड्रायव्हरच्या हातात किल्ली दिली.

जीप कशेडी घाटाच्या रोखाने वळली. तेवढ्यात सदूने बाहेर वाकून, मालोजीरावांकडे बघत, भक्तिभावाने दोन्ही हात जोडले.

"लय उपकार झाले, साहेब!"

"हात खाली करा," बनुबाई किंचाळली. तिच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं. "ते हात खाली करा आधी!"