धर्मबापाचं कापड

पहारेकऱ्यानं गाठोडं सोडायला लावलं, तेव्हा निकानोरानं सुईदोरा, भाजलेला मका आणि कात्री त्याच्यापुढे ठेवली.

"मका खा हवा तर," ती म्हणाली. "कात्री मात्र मला परत लागेल."

कात्रीसकट सगळं दाराशीच राहिलं. आत जनरल आर्रिसागा सुजलेले पाय घोंगडीत गुंडाळून बसले होते. याच माणसानं अनवाणी फौज डोंगरापार नेऊन राजाच्या सैन्याला समुद्रापर्यंत हाकललं होतं. आता तो देशाचा अध्यक्ष होता. टेबलावरच्या हुकमावर त्याची सही व्हायची होती. बंड केलेल्या पाच शिपायांना उद्या सकाळी गोळ्या घालायच्या होत्या, आणि त्यांत निकानोराचा मुलगा एउसेबियो होता.

अठरा वर्षांपूर्वी ऐन लढाईत, खिंडीतल्या बर्फात तो जन्मला. जनरलनीच त्याला बाप्तिस्म्याला धरलं आणि स्वतःचा सदरा फाडून पहिलं कापड दिलं. त्या स्वारीत अशी चाळीसेक पोरं त्यांनी धरली. आमच्याकडे गरीब माणूस धर्मबाप मोठाच बघतो, आणि पोराची आई त्याला कोंपाद्रे म्हणते.

"बस, निकानोरा."

ती उभीच राहिली.

"कशाला आलीस ते ठाऊक आहे मला." त्यांची नजर खिडकीबाहेर होती. "नाही सोडता येणार. आपल्या धर्मलेकाला सोडलं, तर बाकीच्या चौघांच्या आयांना काय सांगू? कायदा मीच लिहिलाय. तुझा नवरा त्याच्यासाठीच मेला."

"हो."

"रडू नकोस."

"रडणं वाटेतच झालं, तीन दिवस." तिनं रिकामं गाठोडं झटकलं. "सोडा म्हणायला आलेच नाही मी, कोंपाद्रे. पहिलं कापड धर्मबापाचं, तसं शेवटचंही त्याचंच. परक्याच्या कफनात पोर कसं पुरू? तेवढं द्या, की निघाले."

जनरलनी खूण केली, तसा दाराशी उभा असलेला कॅप्टन किंताल कोठारातून पांढऱ्या मांजरपाटाचा तागा घेऊन आला.

"किती लागेल?" जनरलनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "केवढा झालाय तो?"

"उभे राहा. तुमच्याएवढाच आहे."

कॅप्टन दचकून पुढे झाला. जनरलनी त्याला हातानंच थांबवलं, घोंगडी सारली आणि खुर्चीला धरून उठले. निकानोरानं कापडाचं टोक त्यांच्या टाचेखाली दिलं.

"दाबून धरा. खांदे सरळ. तो पोक काढत नाही."

पाठीवरून तिनं कापड डोक्यापर्यंत नेलं. तोंडावर घ्यायला वीतभर जास्त धरलं. मग दातांनी कड तोडून ते टर्रकन फाडलं, घडी घालून गाठोड्यात बांधलं आणि मान लववून निघून गेली.

जनरल उभेच होते. कॅप्टननं लेखणी शाईत बुडवून पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"बाहेर कोण आहे?"

कॅप्टननं दाराकडे पाहिलं.

"अजून चौघीजणी आहेत, साहेब. बाकीच्या चौघांच्या आया. कात्र्या दाराशी जमा केल्यात त्यांनी."