उस्ताद वगदींची पट्टी

गालिचा बाल्कनीत वाळत घातला होता, तो दिवस इन्शिराह मरेपर्यंत विसरणार नव्हती. आणि वगदीलाही विसरू देणार नव्हती.

दुमयात म्हणजे सुतारांचं गाव. अख्ख्या इजिप्तमधल्या नवऱ्यामुलींचे पलंग आणि कपाटं इथूनच जातात. अशा गावात सांस्कृतिक भवनाच्या पायऱ्यांवर उतार टाकायला आणि संडासाची चौकट वीतभर रुंद करायला सुतार मिळत नाही, यावर शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही. भवनाचा संचालक उस्ताद वगदी मात्र वर्षानुवर्षं हेच तोंड वर करून सांगत होता. हाच वगदी तिथला मुख्य गायकही होता. आपल्याच भवनात आपलाच गळा.

इन्शिराहचे पाय लहानपणच्या तापात गेले. हात शाबूत राहिले, आणि त्या हातांनी ती कानून वाजवायची. मांडीवर घेऊन वाजवायचं हे तारांचं वाद्य तिच्याइतकं गोड गावात कुणी वाजवत नसे. कार्यक्रम असला की शेजारच्या फर्निचरच्या वखारीतले हमाल तिला चाकाच्या खुर्चीसकट उचलून वर नेत. आरोळ्या कपाट चढवतानाच्याच: "डावा कोपरा सांभाळ! भिंतीला घासू नको रे!" पायऱ्यांवर उभे राहून बघणारे हसत. ती खाली मान घालून बसे. त्या दिवशी सकाळपासून ती पाण्याचा थेंब घेत नसे, कारण भवनाच्या संडासाच्या दारातून तिची खुर्ची आत जात नसे.

गेल्या ईदेला मात्र जीव घेणारा उकाडा होता. जास्वंदीचं थंड सरबत समोर आलं आणि तिला राहवलं नाही. मैफल अर्ध्यावर आली तेव्हा तिने वगदीला हाताने खूण केली, हे गाणं झालं की थांबा. वगदीला खूण कळली, कारणही कळलं. तो तिच्याकडे वाकला आणि हसून म्हणाला, "आणखी एकदा, इन्शिराह. लोक मागतायत." मग पुन्हा तेच म्हणाला. मग पुन्हा. शेवटी व्हायचं ते झालं. मांडीवर कानून होतं म्हणून लोकांना काही दिसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी वगदीने तो गालिचा रस्त्याकडच्या बाल्कनीत टांगला, आणि विचारील त्याला सांगत राहिला, "आमच्या इन्शिराहबाईंची कृपा!"

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, राग निदान वाहून तरी गेला असता. तो आत मुरत राहिला.

आता एक गोष्ट वगदी सोडून सगळ्या साथीदारांना ठाऊक होती. मैफलीत सगळी वाद्यं कानूनवरून सूर मिळवतात. कानून म्हणेल ती पट्टी. वगदीचा आवाज चाळिशीनंतर खाली यायला लागला, तशा इन्शिराहने आपल्या तारा हळूहळू उतरवत नेल्या. दरवर्षी थोड्या, वगदीला कळू न देता. उतरत्या गळ्याची लाज राखावी, एवढंच तिच्या मनात होतं. वगदी तारा जुळवायच्या वेळेला कधी फिरकत नसे. "खुंट्या पिळणं हे काय गायकाचं काम आहे?" असं म्हणून तो टाळ्या वाजल्यावरच मंचावर येई. त्यामुळे साठी उलटलेला हा माणूस छाती फुगवून सांगत फिरे, की पंचविशीतली पट्टी मी अजून सोडलेली नाही. तिने त्याच्यासाठी इतकं उतरवलं आणि त्याने तिच्यासाठी एक पायरी उतरवली नाही.

वसंतात भवनावर फलक लागला: 'कला सगळ्यांसाठी'. गालिचा टांगला होता नेमका त्याच बाल्कनीत. गव्हर्नरसाहेब येणार होते, आणि चाकाच्या खुर्चीतली कलावंत मंचावर दिसली की फोटो छान येणार होता. वगदीने स्वतः फोन केला.

"इन्शिराह, पोरी, तुझ्याशिवाय मैफल म्हणजे मिठाशिवाय जेवण!"

"उताराचं काय झालं, उस्ताद?"

"अगं, होईल की. हमाल आहेत ना तोवर!"

"येते," ती म्हणाली. "तुमची ती टिपेची आलापी, तो मव्वाल, शेवटी ठेवा. गव्हर्नरसाहेबांनी ऐकायलाच हवा."

वगदी खूश झाला. मूर्खाला स्तुती म्हणजे उंदराला खोबरं.

दुपारी हमालांनी तिला वर ठेवलं. म्हातारे बसयूनीकाका व्हायोलिन घेऊन शेजारी बसले. इन्शिराहने पहिला सूर दिला तशी काकांनी मान वर केली.

"अगं, कुठे निघालीस? फार वर गेलीस तू."

"वर नाही, काका. जिथे असायला हवा तिथेच आहे. पंचविशीतली पट्टी."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग बाल्कनीकडे पाहिलं. त्यांनी खुंटी पिळली. बाकीच्यांनीही पिळल्या.

सुरुवातीची गाणी वगदीने कशीबशी ओढली. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, कॉलर घामाने भिजली. हे काय होतंय ते त्याला कळेना. मव्वाल आला. त्याने डोळे मिटले, हात पसरले, आणि टिपेच्या सुराला आवाज फाटला.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "पहाट झाली वाटतं! कोंबडं आरवलं!" हशा पिकला.

वगदीने वळून तळहाताने खूण केली, खाली घे. इन्शिराहने ती खूण पाहिली. तिलाही एकदा अशीच खूण करावी लागली होती. कानूनवर तिने तोच सूर पुन्हा दिला, स्वच्छ आणि खणखणीत. गायकाने सूर उचलेपर्यंत कानून तो देत राहतं, ही रीतच आहे.

"आणखी एकदा, उस्ताद," ती गोड आवाजात म्हणाली. "लोक मागतायत."

त्याने घेतला. पुन्हा फाटला. तिने पुन्हा दिला. तिसऱ्यांदा आवाज निघालाच नाही, नुसती हवा आली. गव्हर्नरसाहेब आंबट तोंड करून उठले आणि फोटोशिवाय निघून गेले.

लोक बाहेर चहा आणि मुशब्बकच्या गोड कड्यांवर तुटून पडले, तेव्हा वगदी मंचावर परत आला. त्याचा चेहरा काळवंडला होता.

"मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम तर इतकी वर्षं करत होते, उस्ताद. आज करायचं सोडलं."

त्याला उमजायला वेळ लागला. उमजलं तेव्हा तो दारातल्या हमालांवर ओरडला, "जा रे घरी! हिला कुणी हात लावायचा नाही! बस म्हणावं इथेच!"

"बसते की," इन्शिराह म्हणाली. त्याच्यासाठी ठेवलेला पाण्याचा जग तिने ओढला, पेला भरला आणि पिऊन टाकला. दुसरा भरला. सकाळपासून कोरडा पडलेला घसा, पाणी अमृतासारखं लागलं. "खाली तोच गालिचा आहे ना? बाहेर सगळं गाव चहा पितंय. मी आता लाजणार नाही, उस्ताद. सगळ्यांना हाका मारीन." तिने तिसरा पेला भरला.

"हमालांनो, थांबा!" वगदीचा आवाज चिरकला.

"हमाल नकोत. सुतार बोलवा. संडासाची चौकट काढून टाका."

"आत्ता?"

ती पाणी पीत राहिली. वगदी स्वतः धावत गेला. दुमयातमध्ये सुतार आणायला किती वेळ लागतो? चहा निवायच्या आत आरी चालू झाली. करकर ऐकून लोक पेले हातात घेऊन आत आले. चौकट पडली, दारही गेलं. हमालांनी तिला मंचावरून खाली ठेवलं, आणि खुर्चीची चाकं आपल्या हातांनी फिरवत ती त्या मोकळ्या भोकाशी आली.

"दार नाही," वगदी पुटपुटला.

"गालिचा आहे ना. धरा."

सगळं गाव बघत होतं. बसयूनीकाकांनी गालिचा गुंडाळून आणून त्याच्या हातात दिला. उस्ताद वगदीने दोन्ही हात डोक्यावर ताणून तो दारात धरला, तोंड लोकांकडे, पाठ तिच्याकडे.

गालिचा जड होता. थोड्याच वेळात त्याचे हात थरथरायला लागले.

"झालं का?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

आतून उत्तर आलं, "थांबा, उस्ताद. अजून थोडं."