पुसलेला चेहरा

वर्षश्राद्धाला फोटो नको, विभावरीचं चित्र मी काढतो, असं मीच सगळ्यांना सांगून बसलो. फोटो काढताना बायको ओठ घट्ट मिटायची. मला ती हसताना हवी होती.

चित्रकला मला कोणी शिकवली नाही. सराफ्यातल्या दुकानांतली कॅलेंडरं बघून हात बसला. मग इथल्याच ओमती भागातल्या एका प्रकाशकासाठी जन्मभर मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढली. आई पोळ्या लाटते, आई पाणी भरते. गोल चेहरा, मोठं कुंकू, बारीक हसू. सगळ्या पुस्तकांत तीच.

चित्र झाल्यावर मेहुणी बेबी बघायला आली.

"भाऊजी, ही तर तुमची पुस्तकातली आई. रोटी बनाने वाली. आमची ताई कुठाय?"

मी टर्पेंटाइननं चेहरा पुसला आणि पुन्हा काढला. पुन्हा तीच बाई हसायला लागली. शेवटी लेकीला विचारलं, "ऋचा, हसताना आईचा ओठ कोणत्या बाजूला वाकायचा?"

"बाबा, तुम्हाला नाही माहीत?"

विभावरी रोज माझ्यासमोर बसून चहा प्यायची. मला माहीत नव्हतं.

पुसून पुसून कॅनव्हासवर साडीचा पिवळा, थोडा मातकट आणि पसरलेल्या कुंकवाचा लाल एवढंच उरलं. श्राद्धाला ऋचानं मिटल्या ओठांचाच फोटो ठेवला. कॅनव्हास मी भिंतीला टेकवून ठेवला होता. जेवायला आलेल्या शैलेंद्रजींनी तो पाहिला. ते शेजारी राहतात, कॉलेजात चित्रकला शिकवतात.

"अरे भैया, आप तो ऐब्स्ट्रैक्ट पर आ गए. बड़ी हिम्मत का काम है."

"बहुत दिनों से मन में था," मी म्हणालो.

बेबी कढी वाढत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या पानाकडे वळली.

त्यानंतर मी तशीच चित्रं करून राहिलो. दरवेळी चेहऱ्यापासून सुरुवात करतो. पुस्तकातली बाई हसायला लागली, की फडकं घेतो. शैलेंद्रजींनी त्या चित्रांचं प्रदर्शन लावलं. लोक येऊन मला नमस्कार करत होते. मी खाली बघत होतो.

ऋचा त्या पहिल्या, पिवळ्या चित्रासमोर बराच वेळ उभी होती.

"बाबा, यात मम्मी कुठे आहे?"

"इथे होती." मी लाल डागाच्या खाली बोट ठेवलं.

"मग पुसली काहून?"

शैलेंद्रजी कोणाला तरी घेऊन आमच्याकडेच येत होते. ते ऐकतील हे मला दिसत होतं.

"मला काढता आली नाही," मी म्हणालो.