उपाशीपोटी वाढदिवस

"मी सूप पिऊन आलेय," सोदाम दारातच म्हणाली. तिची आई मिरान तेव्हा यंत्राच्या प्लेटवर दोन्ही तळवे टेकवून उभी होती.

जन्जू शहरातल्या त्या तपासणी केंद्रात स्तनांचे एक्स-रे काढता काढता मिरानचे केस पिकले होते. थंडगार प्लेटला अंग लावलं की बायका दचकतात, म्हणून ती प्रत्येकीसाठी प्लेट आधी हातांनी उबदार करी. आज तर लेकीची पाळी होती.

मुलांनी आईबापांना तपासणी भेट द्यायची, ही तिकडची रीत. मिरानने ती उलटी फिरवली होती. लेकीच्या वाढदिवसाला तपासणी, तीही उपाशीपोटी. आणि वाढदिवसाच्या सकाळी प्यायचं समुद्रशेवाळाचं सूप फ्रिजमध्ये, 'तपासणी झाल्यावर' असं बजावून.

"या यंत्राला उपाशी पोट लागत नाही," मिरान म्हणाली. "गाऊन घाल."

"ठाऊक आहे. पण आज रक्ताची तपासणी नाही, पोटाची नाही आणि हीही नाही."

दोन वर्षांपूर्वी सोदाम याच यंत्रापुढे मुकाट्याने उभी राहिली होती. तरुण छाती एक्स-रेत पांढरीच दिसते आणि गाठही पांढरीच, म्हणजे भातातला पांढरा खडा शोधण्यातली गत. एका ठिपक्याचा संशय आला, सुई घालून तुकडा तपासायला काढला, निकालाची वाट पाहण्यात पोरीची झोप उडाली. निघालं काहीच नाही. मिरानने पेढे वाटावेत तसा शेजारी केक वाटला. पण त्या दिवसांत जेजू बेटावरच्या शाळेतल्या नोकरीला सोदामला हो म्हणता आलं नव्हतं आणि ती जागा दुसरीला गेली. आता त्याच शाळेने पुन्हा बोलावलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं.

"आपल्या रिसेप्शनवरची हानबी बघ," मिरान म्हणाली. "तिशीतलीच ना? याच यंत्रावर कॅन्सर सापडला. आज हिंडतेय, फिरतेय."

"तिला छातीत गाठ हाताला लागली होती, आई, म्हणून ती आली. मला काही होत नाहीये. आपल्या घरात कुणाला झालेलं नाही. अशा पोरीला या वयात फायदा थोडा आणि घोर मोठा, हे डॉक्टरबाईंनी तुझ्यासमोरच सांगितलं."

"थोडा म्हणजे नाहीच असं नाही."

"नाहीच असं नाही," सोदामने मान्य केलं. "तो थोडा मी सोडतेय. माझी मी."

मिरानला राग आला. खरं तर भीती वाटली होती, पण तिची भीती नेहमी रागाच्याच वाटेने बाहेर पडे. लेकीचा आवाज मात्र जराही हलला नव्हता.

"आणि उद्या काही लागलं हाताला?"

"पहिल्या विमानाने तुझ्यापुढे हजर. चाळिशी आली की न बोलावता येईन. तेव्हा प्लेट तूच तापव."

मिरानने प्लेटवरचे तळवे उचलले. मग म्हणाली, "सुपात मीठ बरोबर होतं?"

"कमी होतं."

"तुझ्या बापाच्या बीपीमुळे कमी घालते. जा, उशीर करू नकोस. सामान बांधायचंय तुला."

सोदाम गेली. खुर्चीवरचा गाऊन घडी न मोडता तसाच होता. मिरानने तो उचलून कपाटात ठेवला, यादीतलं लेकीचं नाव खोडलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. पन्नाशीची बाई, पहिलीच खेप, भेदरलेली. प्लेटला अंग लागताच तिचे खांदे सैल पडले.

"अगं बाई, उबदार आहे की."

"लेकीसाठी केली होती," मिरान म्हणाली. "आता हलू नका. श्वास रोखून धरा."