पुंजाने धरलेली शिडी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी शिडी आहे, आणि माझा कुणावरही पटकन विश्वास बसत नाही. बसेल तरी कसा? जो येतो तो माझ्या अंगावर पाय देऊनच वर जातो, आणि वर गेल्यावर मला विसरतो.

निफाडच्या एका सुताराने मला घडवले. येवल्याचे सावळीराम मला टेम्पोत घालून घरी घेऊन आले. त्यांच्या हातात मी सुखात होते. ते मला तेल लावत, काम झाले की ओसरीत आडवी ठेवत. "शिडी नाय, घरातलं माणूस हाय," असे म्हणत. ते गेले आणि माझी रवानगी मोरीमागे झाली. पावसात भिजून माझी खालची पायरी सैल झाली. त्यांच्या मुलाने, अमोलने, तिला सुतळी गुंडाळली. सुतळीवर माझा काडीचा विश्वास नाही.

या घरात पत्र्याखाली हातमाग आहे. अमोलची बायको रोहिणी त्यावर पैठणी विणते. यंदा अवकाळी पाऊस आला आणि नेमके मागावरच पाणी ठिबकू लागले. पदरावरचे मोर अर्धे झाले होते. कित्येक महिन्यांचे काम ते! रेशमावर एक डाग पडला असता, तर ती साडी कुणी घेतली नसती. माग खड्ड्यात बसवलेला, त्यामुळे तो हलवताही येईना. रोहिणीने वर प्लास्टिक बांधले आणि विणायचे सोडून ती छताकडेच बघत बसू लागली. मला तिची फार दया येई.

अमोलने गळक्या जागेला आतून पुट्टी लावली, पुन्हा लावली. पाणी काही थांबेना. मग त्याने गुन्हेगार शोधला. संक्रांतीला सगळे येवले छपरावर असते, हे तुम्हाला ठाऊकच असेल. शेजारचा पुंजा हातात मांज्याची आसारी, म्हणजे फिरकी, घेऊन, कटलेल्या पतंगामागे आमच्या पत्र्यावर आला होता. त्याच्या बुटाने पत्र्याला पोचा पडला होता, तोही बरोबर मागाच्या वर.

"मुद्दाम नाचला तो," अमोलची आई मालनबाई त्याला म्हणाल्या. "त्याच्या घरी माग नाय ना, म्हणून पोटात दुखतं."

दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. खरे सांगू? मलाही पुंजाचाच संशय होता. पतंगवाल्यांचे पाय मी ओळखून आहे, ते खाली बघतच नाहीत.

एका दुपारी पुन्हा आभाळ भरून आले. अमोलने मला भिंतीला टेकवले, डांबराची पट्टी, तारेचा ब्रश आणि पाण्याचा तांब्या घेतला आणि तो चढू लागला. रोहिणी आत मागापाशी होती. खालची फरशी ओली होती. मला धरायला कुणीच नव्हते. तो अर्ध्यावर गेला आणि माझे पाय सटकले. आता हा पडणारच! तेवढ्यात कुणीतरी धावत येऊन मला घट्ट आवळले.

अमोलने खाली पाहिले. पुंजा!

"सोड तू!" अमोल ओरडला.

"सोडतो की. मग ये सरळ खाली," पुंजा म्हणाला. "जा वर. मी हाये."

अमोलची चुळबूळ मला पायरीपायरीतून कळत होती. पण माझ्या पायांशी ते हात जराही ढिले पडले नाहीत. शेवटी अमोल वर गेला, बोल्टच्या रांगेवर, जिथे पत्र्याखाली लोखंडी पाइप आहे तिथेच पाय ठेवत. पोच्यावर त्याने पाणी ओतले.

"आलं का गं?"

"काहीच नाय!" आतून रोहिणी म्हणाली.

तो जरा वर सरकला आणि पुन्हा ओतले.

"आलं! आलं! थांबा!"

लग्नाच्या वर्षी अमोलने तिथे टीव्हीची डिश बसवली होती. तिचा खिळा त्याने पन्हळीच्या उंचवट्यावर न ठोकता खोलगटात ठोकला होता. यंदा डिश काढली, भोक राहिले. तिथून शिरलेले पाणी पाइपावरून ओघळत मागावर पडत होते.

अमोलने त्या भोकावर बोट ठेवून पाहिले. मग त्याने गंज घासला, जागा कोरडी पुसली आणि पट्टी दाबून बसवली. उतरताना त्याची मान खाली होती.

"माझ्या बुटाचं काय निघालं?" पुंजाने विचारले.

"कोरडाय तो पोचा." अमोल अडखळला. "खिळा माझाच होता रे."

पुंजा हसला नाही. "आधी उतर नीट," तो म्हणाला, "खालची पायरी हालती."

सर आली. मागावरचे प्लास्टिक काढून रोहिणी विणायला बसली, मागाचा खटखट आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

मित्रांनो, मला पावसात टाकू नका आणि एकट्याने माझ्यावर चढू नका. माझ्या प्रत्येक पायरीवर खुशाल संशय घ्या, मला राग येणार नाही. पण शेजाऱ्यावर आळ घेण्याआधी आपल्याच छपरावर एक तांब्या पाणी ओतून बघा.