जिवंत खातं

चष्मेवाल्याची लेक जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती, आणि या सगळ्या काळात त्याने ही गोष्ट स्वतःच्या तोंडाने कुणालाही सांगितली नव्हती. नातेवाइकांना मेव्हण्याने कळवलं. दुकानात कुणी "ताई कशा आहेत?" असं विचारलं, की हा लगबगीने त्याच गिऱ्हाइकाच्या काचा पुसायला घ्यायचा. दुसऱ्यांना बारीक अक्षर वाचायला लावणारा माणूस, पण एवढं ठळक लिहिलेलं त्याला वाचवत नव्हतं.

लेकीचा फोन बायको रोज चार्ज करून ठेवायची. का, ते त्याने कधी विचारलं नाही. एका मंगळवारी सकाळी तो फोन वाजला. बायकोने हात पुसले, उचलला, नुसतं "हं, हं" केलं आणि खाली ठेवला.

"बँकेतून होता," ती म्हणाली. "तिचं क्रेडिट कार्ड मंजूर झालंय. खातं एकदम नियमित आहे म्हणे. सहीला बोलावलंय."

चष्मेवाला कपाकडे बघत राहिला.

"नियमित कसं? पैसे कोण भरतंय?" तिने विचारलं.

चोरी पकडली गेली होती. लेक गेल्यावर तीन महिन्यांनी तो खातं बंद करायलाच गेला होता, मृत्यूचा दाखला खिशात घेऊन. काउंटरवरची बाई मान वर न करताच म्हणाली, "यात काही व्यवहारच नाहीत. खातं जिवंत ठेवायचं असेल तर अधूनमधून काहीतरी भरत जा." ती बिचारी आपलं रोजचं बोलणं बोलली, पण याच्या काळजात ते रुतलं. दाखला खिशातच राहिला आणि जवळ होते तेवढे पैसे त्याने भरून टाकले. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला, दुकान उघडण्याआधी, स्वारी बँकेच्या रांगेत हजर. पैसे भरायच्या स्लिपवर खातेदाराचं नाव लिहावं लागतं. तो त्यासाठीच जायचा. अख्ख्या महिन्यात तिचं नाव लिहायला दुसरी जागा कुठे होती?

"मला सांगितलं असतंत तर मीही आले असते," बायको म्हणाली. ती रागावली नाही, हेच त्याला जड गेलं. "जा, घेऊन या ते कार्ड. किती मागे लागली होती पोरगी त्याच्या."

खरंच लागली होती. ती फोटोग्राफर. "बाबा, तुमच्या काचा लोकांच्या नाकावर आणि माझ्या माझ्याच गळ्यात," असं चिडवायची. तिला लांबचं टिपणारी एक लेन्स हवी होती. ती हप्त्यांवर मिळत होती, पण हप्ते फक्त क्रेडिट कार्डावर. "याच बँकेत माझं खातं आहे, मग कार्ड द्यायला यांच्या पोटात का दुखतं?" म्हणत तिने तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा तो परत आला. बाप तेव्हा हसला होता. त्यापेक्षा एखादी दुर्बीण घे, म्हणाला होता. ते हसणं आठवलं की आता त्याला स्वतःची लाज वाटायची.

बँकेत कार्डाच्या टेबलावर एक तरतरीत, गोडबोल्या ऑफिसर होता.

"खातं आहे म्हणून कार्ड मिळतंच असं नाही, काका," तो समजावू लागला. "पण खात्यावरून आम्हाला माणूस कळतो. आधीचं बघा, कधी एकदम पैसे आले, कधी तीन-तीन महिने काहीच नाही. तेव्हा कसं मंजूर होणार? आणि आता बघा. एक तारीख चुकलेली नाही, वर काढलेलं काहीच नाही. मॅडम आता छान सेटल झालेल्या दिसतात."

चष्मेवाल्याने टेबलाची कड घट्ट धरली. उन्हातान्हात उभं राहून पोरीने कमावलेला पैसा यांच्या लेखी कामाचा नव्हता. आणि मेल्यावर तिची पत वाढली. त्याला संताप आला, पण तो फार वेळ बँकेवर टिकला नाही. दर महिन्याला एवढेच पैसे त्याने तेव्हा भरले असते तर? हा विचार डोक्यात आला आणि ठाण मांडून बसला.

"मॅडम कामात असतील तर फॉर्म घरी न्या," ऑफिसर म्हणाला. "सही तेवढी आणा, पुढचं मी बघून घेतो."

तिची सही त्याला हुबेहूब करता आली असती. दोन मिनिटांचं काम. कार्ड घरी आलं असतं, बायकोने ते तिच्या फोटोपाशी ठेवलं असतं. त्याने फॉर्म हातात घेतलाही.

"ती गेली," तो म्हणाला.

"कुठे, परदेशात? मग आल्यावर करू की."

आपल्या भाषेने ही चांगली सोय करून ठेवली आहे. मेलेला माणूसही जातो आणि भाजी आणायला निघालेलाही जातो. चष्मेवाला इतके दिवस त्या सोयीतच राहत होता.

"नाही. माझी मुलगी वारली," तो म्हणाला. "दोन वर्षं होऊन गेली. पैसे मी भरत होतो."

ऑफिसरचं तोंड उतरलं. पोरगा तसा चांगला होता. त्याने पाणी मागवलं, फॉर्म हळूच काढून घेतला आणि आवाज खाली आणून सांगितलं, की आता खातं बंद करावं लागेल. चष्मेवाल्याने मान हलवली.

घरी बायको दारातच उभी होती.

"मी सांगून आलो त्यांना," तो म्हणाला.

"काय सांगितलंत?"

"तेच. आपली..."

बायको आत जाऊन खुर्चीवर बसली. "बँकेतल्या माणसाला सांगता आलं तुम्हाला," ती म्हणाली. "मला त्या दिवशी काहीच बोलला नाहीत. हॉस्पिटलच्या जिन्यावरून खाली आलात आणि माझ्या हातातली पिशवी घेतलीत. मी आपलं तुमच्या चेहऱ्यावरून समजून घेतलं. अहो, मला अजून कुणी सांगितलेलंच नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती नुसती वाट बघत होती.

तो तिच्यासमोर बसला. "अगं," म्हणाला आणि थांबला. मग त्याने लेकीचं नाव घेतलं आणि ती वारली असं सांगितलं. बायकोने नीट ऐकून घेतलं. "कधी?" तिने विचारलं. दुपारी सव्वातीनला, तो म्हणाला. मग ती मोठ्याने रडायला लागली, बातमी आत्ताच आल्यासारखी.