पडवळाची सतरंजी

मित्रांनो, सन दोन हजार चौदा, श्रावण मास. स्थळ पुणे, धायरी येथील एका इमारतीचा दुसरा मजला. माझ्या आयुष्याची उतरण येथे व या सुमारास सुरू झाली, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे.

मी एक जुनी सतरंजी आहे. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, जाड सुताची, हातमागावर विणलेली. मंदाकिनीबाईंच्या लग्नात त्यांच्या माहेराहून मी आले, तेव्हा बिऱ्हाड मंडईजवळ होते. त्या काळी एका घरी कार्य निघाले की साऱ्या आळीच्या सतरंज्या तेथे जमत. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यावर काळ्या शाईने मालकाचे नाव घातलेले असे. माझ्यावर मंदाकिनीबाईंचे यजमान श्यामसुंदरराव यांचे संपूर्ण नाव आहे. माझ्यावर बारशी झाली, डोहाळजेवणे झाली, मुली पाहण्याचे कार्यक्रम झाले. “असे सूत आता मिळत नाही,” असे पाहुणे म्हणत, आणि मला ते मान्य होते. पुढे बिऱ्हाड धायरीला आले, सोफा आला, आणि मी दिवाणापुढे नुसती पडून राहू लागले.

अशा स्थितीत एका रविवारी घरची मुलगी श्यामला एक करंडी घेऊन आली. ती खराडीला संगणकाच्या कंपनीत नोकरी करते आणि तिकडेच खोली घेऊन राहते. करंडीत एक डॅशहुंड जातीचा कुत्रा थरथरत होता. पिल्ले विकणाऱ्या कुणा माणसाने त्याला जन्मभर पिंजऱ्यात ठेवले होते. तेथून त्याची सुटका झाली, पण श्यामलेच्या घरमालकिणीने त्याला उंबरठा ओलांडू दिला नाही. श्यामसुंदरराव निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी त्याला नाकापासून शेपटीपर्यंत न्याहाळले, ज्याला बराच वेळ लागला, आणि पाय करताना सामान संपले काय, अशी पृच्छा केली. मंदाकिनीबाईंनी त्याचे नाव पडवळ ठेवले.

पडवळाला वाटी पडल्याचे भय होते, छत्रीचे होते, कुकरच्या शिट्टीचे होते. आणि उगारलेल्या हाताचे तर इतके, की देवाला जोडलेले हातही त्याला संशयास्पद वाटत. या प्रत्येक भयाचा निचरा माझ्यावर होई. रोज सकाळी श्यामसुंदरराव त्याला खाली शेवग्याच्या झाडापाशी नेत. तेथे तो पुतळ्यासारखा उभा राही. मग वर येऊन, माझ्या बरोबर मध्यभागी उभा राहून, मोकळा होई.

हा शुद्ध खोडसाळपणा आहे, असे श्यामसुंदररावांचे मत पडले. त्यांनी त्याला समोर घेऊन युक्तिवाद केला: खाली जागा आहे, गवत आहे, सवड आहे, मग अडचण कोणती? युक्तिवादाचा स्वर जसजसा चढे, तसतसे उत्तर माझ्यावर पसरत जाई.

“अहो, तुम्ही रागावलात की तो भिजवतो, आणि त्याने भिजवलं की तुम्ही रागावता,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “दोघांतल्या शहाण्याने थांबावं.”

शहाणा म्हणजे नेमका कोण, यावर श्यामसुंदररावांनी बराच विचार केला.

खरी चूक मात्र नवराबायको दोघांची होती. मला धुऊन, वाळवून, कडा सरळ करून ते पुन्हा त्याच ठिकाणी अंथरीत. का, तर दिवाणापुढची फरशी आल्यागेल्याला उघडी दिसू नये. म्हणजे ज्याचे उच्चाटन करायचे, त्याचीच हे रोज प्रतिष्ठापना करीत होते.

ओली सतरंजी रेडकाएवढी जड असते. मंदाकिनीबाईंचे गुडघे बोलू लागले, तेव्हा त्यांनी निर्वाणीचे सांगितले: दसऱ्याला श्यामला येईल, तोवर हा सुधारला नाही, तर तिने त्याला घेऊन जावे. कुठे, ते कुणी विचारले नाही. एखादे आश्रयगृह, आणि तेथे पुन्हा गज. त्या दिवशी श्यामसुंदरराव जेवताना कशालाही हरकत न घेता उठले.

पडवळ दिवसभर दिवाणाखाली दडून असे; दुसऱ्या दिवसापासून ते जमिनीवर, त्या दिवाणाकडे पाठ करून बसू लागले. हळू आवाजात अग्रलेख वाचायचा आणि वाक्यावाक्याला खोडून काढायचा. मध्ये न बोलणारा श्रोता त्यांना जन्मात प्रथमच लाभला होता. कुत्र्याकडे ते पाहतही नसत. एकदा अग्रलेखाच्या तिसऱ्या परिच्छेदावर दिवाणाखालून नाक बाहेर आले; मग कान आले; मग, सावकाश, उरलेला सगळा पडवळ आला आणि त्यांच्या घोट्याला टेकून झोपला. श्यामसुंदररावांनी पान उलटले नाही.

आणि एका सकाळी मी गॅलरीच्या कठड्यावर वाळत असताना वाऱ्याने खाली गवतावर पडले. पडवळ शेवग्याखाली पुतळा होऊन उभाच होता. मला पाहताच त्याने साखळी ओढली, धावत आला, माझ्यावर चढला आणि निःशंकपणे मोकळा झाला. गॅलरीतून मंदाकिनीबाई पाहत होत्या.

“अहो, त्याला बाहेरचं वावडं नाहीये,” त्या वरूनच म्हणाल्या. “पिंजऱ्यात पायांखाली फडकंच असणार, फडकं म्हणजेच मोकळं व्हायची जागा, एवढंच त्याला ठाऊक. उद्यापासून हिलाच खाली नेत जा.”

तेव्हापासून आमची मिरवणूक निघू लागली. पुढे पडवळ, मागे श्यामसुंदरराव, त्यांच्या खांद्यावर मी. मला झाडाखाली अंथरीत, मालकाचे नाव रस्त्याकडे करून. ज्यांच्या शेतावर ही इमारत उभी आहे, ते दत्तोबा फाटकापाशी थबकले.

“सायेब, सतरंजी टाकली? कीर्तन हाय का?”

“नाही. याच्यासाठी आहे.”

दत्तोबांनी कुत्र्याकडे पाहिले. “मंग आमच्या म्हशींनी काय पाप केलं हुतं?”

सवय मुरली, तशी मंदाकिनीबाईंनी कात्री काढली. मी अर्धी झाले, मग आसनाएवढी, मग हातरुमालाएवढी. घरातल्या फरशीवर आता काहीच नव्हते, आणि पडवळही तेथे काही करीत नव्हता. वाटी पडली तर तो दचके, पण जागचा हले नाही. मी लहान होत गेले, तो धीट होत गेला. हा व्यवहार मला विचारून झाला नाही. पण विचारले असते, तरी मी नाही म्हटले नसते.

दसऱ्याला श्यामला आली. करंडी तिने दाराशीच ठेवली. करंडीकडे कुणी पाहिले नाही. श्यामसुंदरराव पडवळाला घेऊन उतरले. मी त्यांच्या खिशात. खाली दत्तोबांनी सोने देता देता हा कुत्रा नसून मुंगूस असल्याचे मत मांडले. श्यामसुंदररावांनी हात उंचावून खंडनास आरंभ केला, आणि मला बाहेर काढायचे विसरले. पडवळाने त्या उंचावलेल्या हाताकडे पाहिले. खिशाकडे पाहिले. मग चार पावले पुढे जाऊन, गवत हुंगून, उघड्या जमिनीवर त्याने आपले काम केले. खंडन अर्ध्यावर थांबले.

मित्रांनो, भ्यालेल्या जिवाकडून शिस्त मागण्यापूर्वी त्याच्या पायांखाली काहीतरी ओळखीचे अंथरा. आणि ते जे अंथराल, त्याचीही आठवण ठेवा, एवढेच माझे मागणे आहे. वर आल्यावर श्यामसुंदररावांनी सर्व वृत्तांत सांगितला आणि पुरावा म्हणून मला, कोरड्या अवस्थेत, टेबलावर ठेवले. मंदाकिनीबाईंनी आधी पडवळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“कुत्रा राहील,” त्या म्हणाल्या. “सतरंजी टाकून द्या.”